ग म भ न आणि एक पोस्टकार्ड

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

तुम्ही लेकीकडे नागपूरला गेलात त्याला दोन महिने होत आले. निघायच्या गडबडीत मनातलं बोलायचं राहिलं, म्हणून हे पत्र. चार लोकांनी वाचावं असं उघड लिहितेय, कारण संध्याकाळी आमच्याकडे जे चालायचं ते पुष्कळ घरांत चालत असणार.

गेल्या जूनमध्ये शाळेतून रोज दोन पानं गिरवून आणायला सांगत. सहा वर्षंही पुरी न झालेलं पोर, दुरेघी वही आणि पहिलंच अक्षर अ. मी खोडरबर घेऊन शेजारी बसायची. रेघेबाहेर गेलं की खोड, पुन्हा काढ. एके दिवशी खोडून खोडून कागदाला भोक पडलं आणि त्यानं वही पलंगाखाली सारली. नेमक्या तेव्हा तुम्ही विरजण मागायला आलात. त्याला काहीच बोलला नाहीत. त्याचा हात हातात घेतलात, अंगठा आणि शेजारची दोन बोटं हलकेच दाबून पाहिलीत आणि मला म्हणालात, "अगं, याची बोटं दुखतायत. तुला वाटतंय आळस करतोय."

काकू, त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही तरुणपणी कोसबाडला अनुताई वाघांच्या हाताखाली शिकलात हे मला नंतर कळलं. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी 1945 साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली, खडे, बिया, शिंपले हीच खेळणी झाली. तुम्ही सांगत होतात आणि माझा लेक तोंड उघडं टाकून ऐकत होता.

पंधरा दिवस तुम्ही पेन्सिल बंद ठेवलीत. लसूण सोलायचा, कणकेच्या बारीक गोळ्या करायच्या, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायचे. या वयात मनगटाची हाडं पुरती भरलेली नसतात, आधी हातात बळ येऊ दे, म्हणालात. मग परातीत रवा पसरलात. बोटानं ग काढायचा, चुकला की परात हलवायची. खोडाखोड नाही, भोक नाही, आईची हाक नाही! आणि सुरुवात अ पासून नाही, ग म भ न पासून. उभी रेघ चौघांनाही तीच, म्हणून एक वळण बसलं की दुसरं सोपं जातं. चारच अक्षरं, पण त्यांतून मग, मन, नभ, गगन. "आई, मी गगन लिहिलं!" असं ओरडत तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या नाकालाही रवा लागला होता.

पण खरी जादू केली ती तुमच्या 50 पैशांच्या पोस्टकार्डानं. "तुझ्या आबांना काय सांगायचंय?" एवढंच विचारलंत. त्यानं लिहिलं, "आवा ये. आंवे आण." ब च्या पोटातली रेघ दोन्हीकडे राहिली होती. मी पेन्सिल उचलली तर तुम्ही माझा हात धरलात. "राहू दे. ती रेघ येईल उद्या. आज त्याला पत्र टाकायचंय." पेटीपर्यंत तुम्हीच त्याला घेऊन गेलात. आठ दिवसांनी आबांचं उत्तर आलं, त्याच्या नावावर. ते कार्ड त्यानं तीन रात्री उशाशी ठेवलं. चौथ्या दिवशी आपणहून पाटी घेऊन बसला आणि पाटीभर ब काढले, प्रत्येकाच्या पोटात रेघ.

आता वाण्याची यादी तोच लिहितो. साखर, गूळ, मग (म्हणजे मूग). दुकानदार ती वाचतो आणि सामान बरोबर देतो, त्यामुळे स्वारीचा रुबाब विचारू नका. रोज दहाच मिनिटं, तुम्ही घालून दिलीत तशी, दिवा लावून झाल्यावर. कंटाळा आला तर पाच. खोडरबर मी कपाटात ठेवून दिलाय.

काल त्यानं तुम्हाला कार्ड टाकलंय. तीन ओळी आहेत, शेवटची मावली नाही म्हणून कडेनं उभी लिहिलीय. मी एकही अक्षर दुरुस्त केलेलं नाही. उत्तर मात्र त्याच्याच नावानं पाठवा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई