ब्लेंड सुताच्या जुन्या नोटिसांचं काय?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कॉटन असो की पॉलिस्टर, सुतावर जीएसटी ५ टक्के झाला, लई चांगलं झालं. पण आमच्या इचलकरंजीत जो तो म्हणतोय की ब्लेंड, म्हणजे मिश्र सुताला कॉटनचा रेट की मॅनमेडचा (पॉलिस्टर, व्हिस्कोससारख्या कृत्रिम धाग्याचा), हे भांडण मिटलं, ते काही खरं नाही. त्याआधी ऑक्टोबर २०१७ पासून कॉटन सुताला ५ आणि मॅनमेडला १२ टक्के होता आणि त्या काळातल्या बिलांच्या टॅक्सच्या नोटिसा अजून चालूच आहेत.

नियम असा की ज्या फायबरचं (तंतूचं) वजन जास्त त्याच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे टॅक्सच्या यादीतल्या प्रकरणात, सूत जातं. ६५-३५ पीसी (पॉलिस्टर-कॉटन) असेल तर वादच नाही. पण ४० कॉटन, ३० पॉलिस्टर, ३० व्हिस्कोस असेल तर? कुणीही म्हणेल कॉटन जास्त आहे, पण मॅनमेडचे ५४ आणि ५५ हे दोन चॅप्टर एकच धरायचे असतात, म्हणजे मॅनमेड झालं ६० आणि टॅक्स १२. निम्मं निम्मं निघालं तर यादीत ज्याचा नंबर शेवटी येतो ते हेडिंग (नोंद), म्हणजे परत मॅनमेडच.

खरा घोळ ५०च्या आसपास आहे. लॅबवाले ७५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये कॉटन विरघळवतात, उरलेलं पॉलिस्टर धुऊन सुकवून वजन करतात. पण कॉटन हवेतला ओलावा धरतं, स्टँडर्ड ८.५ टक्के धरतात, पॉलिस्टरचा फक्त ०.४. म्हणजे सुक्या वजनावर ५१ किलो पॉलिस्टर ४९ किलो कॉटन आलेलं सूत ओलाव्यासकट मोजलं की पॉलिस्टर ५१.२ किलो आणि कॉटन ५३.२ किलो भरतं, सुताचा कोन तोच आणि रेट दोन!

आमच्या माहितीतल्या एका गिरणीला अशीच नोटीस आलीय, आता ती फरकाचे पैसे आमच्यासारख्या यंत्रमागवाल्यांकडे मागतेय. त्यात फसवणुकीचं कलम ७४ लावलं तर २०२३-२४ पर्यंतच्या त्या टॅक्सचं क्रेडिटपण (आमच्या टॅक्समधून वजावट) मिळत नाही. कापड विकून कधीच मोकळे झालेलो आम्ही, गिऱ्हाईकाकडून आता कुठून वसूल करणार?

वजन सुकं धरायचं की ओलाव्यासकट, हे सरकारने एका सर्क्युलरमध्ये लिहून द्यावं, आणि फरक एक-दोन टक्क्यांचा असेल तिथे फसवणुकीचं कलम लावू नये.

- एक यंत्रमागधारक, इचलकरंजी