आई-बाबा, बुर्साला यायचंच आपण

प्रिय आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर आवाज तुटत होता आणि बाबांचे प्रश्न काही संपत नव्हते, म्हणून तुर्कस्तानातल्या या बुर्सा शहराबद्दल सगळं लिहूनच पाठवते. बाबा, अक्षर मोठं करून घ्या आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

इस्तंबूलहून बोटीने मुदान्या बंदरावर उतरायचं, दोनेक तास लागतात, पुढे बसने बुर्सा. बरेचजण इस्तंबूल बघूनच परत जातात पण ऑटोमन लोकांनी 1326 मध्ये हे शहर घेतलं आणि राजधानी केलं, इस्तंबूल त्यांना मिळायला अजून सव्वाशे वर्षं होती. ऑटोमन घराण्याचा संस्थापक उस्मान आणि त्याचा मुलगा ओरहान दोघांच्या कबरी तोफानेच्या टेकडीवर शेजारी-शेजारी आहेत, आणि तिथून खाली अख्खं शहर दिसतं.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. इथली मोठी मशीद उलू जामी, बायझीद सुलतानाने बांधलेली. म्हणतात की 1396 ची निकोपोलिसची लढाई जिंकलो तर वीस मशिदी बांधीन असा त्याने नवस केला होता, मग वीस घुमटांची एकच बांधली. आत शिरल्या शिरल्या पाण्याचा आवाज येतो, कारण हात-पाय धुवायचं कारंजं एरवी बाहेर अंगणात असतं ते इथे मशिदीच्या आतच आहे, वर काचेचा घुमट आणि त्यातून उजेड थेट पाण्यावर पडतो. भिंतींवर माणसापेक्षा उंच काळी अक्षरं. मी खूप वेळ बसून राहिले तिथे, कोणी उठवत नाही. आणि ह्याच बायझीदला 1402 मध्ये अंकाराजवळ कोणी पकडलं माहितेय? तैमूरने! 1398 ला दिल्ली लुटली तोच. मग त्याच्या फौजेने बुर्सापण लुटलं. तुम्ही आम्हाला तैमूर शिकवलात तो दिल्लीपर्यंतच, त्याची पुढची गोष्ट इथे उभं राहून ऐकताना तुमची फार आठवण आली. बायझीद कैदेतच वारला, त्याची मुलं आपसात लढली, शेवटी त्यांतल्या मेहमेदने राज्य परत एकत्र केलं, त्याची कबर म्हणजे यशिल तुर्बे, निळ्या-हिरव्या टाइल्सची. नुसत्या टाइल्ससाठी यावं इतकी सुंदर आहे.

आई, तुझ्यासाठी कोझा हान. 1491 मध्ये बांधलेला रेशमाचा बाजार, पूर्वी आसपासच्या गावांतले लोक कोश घेऊन इथे विकायला यायचे, अजूनही दुकानं रेशमाचीच. मधे चौक, झाडं, आणि खांबांवर उचललेली छोटीशी मशीद. झाडाखाली बसून छोट्या काचेच्या ग्लासातून बिनदुधाचा चहा प्यायचा. तुला दुधाशिवाय चालत नाही ते माहितेय पण इथे चालेल बघ.

खाण्याचं. इस्केंदेर कबाब इथलाच. खाली पावाचे तुकडे, वर मटणाचे पातळ काप, टोमॅटोचा रस्सा, बाजूला घट्ट दही, आणि ताट समोर आल्यावर माणूस फेसाळतं गरम लोणी वरून ओततो, चर्र आवाज होतो आणि लोणी पावात मुरतं. बाबांनी हे खायचंच, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेऊन का होईना. आईचे हाल होणार नाहीत, मसूरचं सूप कुठेही मिळतं, लिंबू पिळून मस्त लागतं, चीजचा पिदे म्हणजे भाजलेला चपटा पाव आहे, आणि जुमालीकिझीक नावाचं जुनं गाव आहे जवळच, तिथे बायका पालक-चीज भरून पातळ पोळ्या भाजून देतात. सकाळी ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, मध, मलई, पोट भरतं अगदी. शिवाय पाकातले चेस्टनट, आवळ्याच्या मुरंब्यासारखे मऊ पण आंबटपणा अजिबात नाही. दोन डबे घेतलेत.

उलुदाग डोंगरावर रोपवे जातो, जवळपास 9 किलोमीटरचा, चढायची दगदग नाही. चढ फक्त तोफानेला आणि जुमालीकिझीकच्या दगडी गल्ल्यांत, तिथे आईने काठी घ्यायची आणि लाजायचं नाही. एप्रिल-मे बरा, फार थंडी नसते. तुम्ही दोघांनी आयुष्यभर आमच्या सुट्ट्या आणि फिया बघून आपले बेत पुढे ढकललेत, आता नाही ढकलायचे, गुडघे चालतायत तोवर यायचं. तिकिटं मी काढते, त्यावर वाद नको.

बाबा, दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून शेवटची तारीख बघा आणि मला फोटो पाठवा, व्हिसाला लागतील आणि संपत आले असतील तर आधी रिन्यूला टाकू.

तुमची,
लेक