पूर्वज शोधायचा तर आधी त्याची जमीन शोधावी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला, तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत नातवंडांची वंशावळ आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी जुळवण्याची जी हौस वाढली आहे तिच्याविषयीचा लेख वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र अमेरिकेतील केंटकी राज्याच्या भागात अठराव्या शतकात आलेला पूर्वज १७९०च्या पहिल्या जनगणनेत हमखास सापडतो, हे त्यातील विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. केंटकीच्या १७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांच्या नावनिशीवार याद्या नष्ट झाल्या असून आज हाती असलेली पहिली यादी १८१०ची आहे. ‘१७९०ची केंटकीची जनगणना’ या नावाने जे पुस्तकरूपात मिळते, ते त्या काळच्या करयाद्यांवरून विसाव्या शतकात केलेले संकलन आहे. शिवाय १८४० पर्यंतच्या सर्व जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे असते आणि बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत केवळ आकडे म्हणून येतात. घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थान नोंदवण्यास १८५० साली सुरुवात झाली, आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते तर १८८० पासून लिहिले जाऊ लागले.

मी भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालो असून माझ्या सुनेचे माहेर केंटकीचे आहे. आमचा मूळपुरुष १७७५ साली, वसाहतकऱ्यांना केंटकीची वाट खुली करून देणाऱ्या डॅनियल बूनबरोबर, ॲपलेशियन डोंगरांतील कंबरलँड खिंड ओलांडून आला, अशी त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा आहे. केंटकीतील जुन्या घराण्यांत ही कथा इतकी सर्रास आढळते की ती सर्वच खरी मानली, तर बूनने खिंडीतून एखादे सैन्यच नेले असावे असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्या वाटेची झाडी तोडणारी त्याची तुकडी जेमतेम तीसएक माणसांची होती.

अशा कथेचा पडताळा घेण्यासाठी कौटुंबिक बखर किंवा संगणकावरील आयते वंशवृक्ष उपयोगी पडत नाहीत. एकाने आधाराविना लिहायचे आणि इतरांनी ते उतरवून घ्यायचे, अशीच त्यांतील बहुतेकांची जडणघडण असते. त्याऐवजी जमिनीच्या कागदाकडे वळावे, कारण तो वंशजांना मोठेपणा मिळावा म्हणून लिहिला गेलेला नसतो. केंटकी १ जून १७९२ रोजी वेगळे राज्य होईपर्यंत व्हर्जिनियाचा भाग होते. रिचर्ड हेंडरसन याच्या कंपनीने मार्च १७७५ मध्ये चेरोकी या तेथील मूळनिवासी लोकांकडून केलेली प्रचंड जमिनीची खरेदी व्हर्जिनियाने १७७८ साली रद्द ठरवली, आणि त्या कंपनीकडून जमीन घेतलेल्यांचे कागद निरुपयोगी झाले. पुढे १७७९च्या कायद्याने, १ जानेवारी १७७८ पूर्वी तेथे वर्षभर राहिलेल्या किंवा मक्याचे एक पीक घेतलेल्या वसाहतकऱ्याला ४०० एकरांचा हक्क आणि लगतची १००० एकर जमीन घेण्याचा अग्रहक्क देण्यात आला. हे दावे तपासण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १७७९च्या ऑक्टोबरपासून १७८०च्या एप्रिलपर्यंत केंटकीतील निरनिराळ्या गढ्यांमध्ये बैठका घेऊन प्रमाणपत्रे दिली. दावेदाराचे नाव, जमीन कोणत्या ओढ्यावर आहे आणि कोणत्या साली मका पिकवला, एवढा मजकूर त्यांत असतो. ‘बूनबरोबर आलो’ असे सांगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने सर्वप्रथम ही प्रमाणपत्रे पाहावीत.

त्यानंतर हक्कपत्र, जागेची नोंद, मोजणी आणि अखेरीस सरकारी सनद अशा चार पायऱ्यांनी जमीन नावावर होत असे, आणि या चारही पायऱ्यांचे कागद वेगवेगळे सापडू शकतात. मोजणीच्या कागदावर साखळी धरणारे, खुणा करणारे असे साहाय्यकही नावानिशी येतात. ते बहुधा शेजारी, मेव्हणे किंवा भाऊ असतात आणि मूळ गाव शोधताना पुष्कळदा हीच माणसे कामी येतात. चतुःसीमा मात्र आपल्याकडील जुन्या खतांसारख्याच, म्हणजे एका ओकच्या झाडापासून ओढ्याच्या काठाकाठाने दुसऱ्या झाडापर्यंत. अंतरे ‘पोल’मध्ये दिलेली असतात आणि एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपला गुंठा तेहतीस फूट लांब व तितकाच रुंद, म्हणजे बरोबर दोन पोलांचा चौरस होतो. चाळीस गुंठ्यांचा एकर मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते नकाशे वाचताना फारसे परके वाटले नाहीत, हे जाता जाता नमूद करतो.

सरकारने आधी मोजणी करून मग जमीन देण्याची पद्धत ओहायो नदीच्या उत्तरेस १७८५च्या अध्यादेशाने आली. केंटकीत ज्याने त्याने जागा निवडून मोजून घेतली. परिणामी एकाच तुकड्यावर तीन-तीन, चार-चार हक्क चढले आणि दावे पुढच्या पिढीपर्यंत चालले. स्वतः बून मोजणीदार असूनही त्याच्या बहुतेक जमिनी सदोष नोंदींमुळे हातच्या गेल्या. १७९९ साली तो तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या मिसुरीकडे निघून गेला, तेथील जमिनीचा हक्कही पुढे अमेरिकन आयुक्तांनी नाकारला आणि १८१४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, सुमारे ८५० एकरांवर त्याची बोळवण केली. जमीनमालकांच्या दृष्टीने हा सारा प्रकार अनर्थकारक होता. वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून उपकारक काही नाही, कारण या दाव्यांत म्हाताऱ्या वसाहतकऱ्यांच्या जबान्या झाल्या. अमक्या झाडावर खूण कोणी केली, त्या वेळी सोबत कोण होते, आपण येथे कोणत्या साली आलो, हे सर्व शपथेवर सांगितले जाई आणि सुरुवातीस साक्षीदाराचे अंदाजे वय लिहिले जाई. बूनच्याही अशा जबान्या उपलब्ध आहेत.

जमीन नसलेल्या माणसाचा माग करयाद्यांवरून लागतो, पण त्या ओळीने, वर्षामागून वर्ष वाचाव्या लागतात. केंटकीच्या करयाद्यांत एकवीस वर्षांवरील गोरे पुरुष, सोळा ते एकवीस या वयाचे तरुण, गुलाम, घोडे असे रकाने असतात आणि जमिनीपुढे ओढ्याचे नाव असते. एखाद्या वर्षी सोळा ते एकवीसच्या रकान्यात प्रथमच ‘एक’ आला, तर मुलाच्या जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. खातेदाराच्या जागी स्त्रीचे नाव आले, तर तो वारला असण्याची शक्यता धरून त्या वर्षीची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या पाहाव्यात. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या पूर्वजाबाबत १८३२च्या निवृत्तिवेतन कायद्याखालील अर्जही पाहावेत. जन्म कोठे व केव्हा झाला, लष्करात जाताना राहणे कोठे होते आणि युद्धानंतर कोठे कोठे वास्तव्य केले, असे ठरावीक प्रश्न न्यायालय अर्जदाराला विचारीत असे, आणि त्यांच्या उत्तरांतून एका माणसाचा उभा प्रवास मिळतो. विधवांना विवाह सिद्ध करावा लागे, त्यामुळे घरच्या बायबलमधून फाडून जोडलेली जन्म-विवाहांच्या नोंदींची पानेही काही अर्जांत आढळतात.

सुनेच्या मूळपुरुषाचे नाव आयोगाच्या प्रमाणपत्रांत नाही. करयादीत तो प्रथम १७८९ साली दिसतो, आणि एका दाव्यातील जबानीत तो स्वतःच आदल्या वर्षी व्हर्जिनियातून आल्याचे सांगतो. एखाद्या यादीत नाव नसणे हा एरवी पुरावा ठरत नाही. पण दाव्यात जुन्या वहिवाटीला वजन असताना माणूस शपथेवर आपले येणे तेरा वर्षे उशिराचे सांगतो, तेव्हा त्याचेच म्हणणे ग्राह्य धरावे, असे माझे मत आहे. व्याह्यांना ते अद्याप पटलेले नाही.

नावसाधर्म्याचा धोका येथे फार मोठा आहे. बूनच्या वडिलांचे नाव स्क्वायर, भावाचेही स्क्वायर, आणि डॅनियल नावाचे पुतणेही होते. ‘डी. बूनने येथे अस्वल मारले’ अशा अर्थाचे कोरीव लेख असलेली झाडे जागोजाग दाखवली जात. त्यांतील पुष्कळांवर आडनावाच्या अखेरचे ‘ई’ हे इंग्रजी अक्षर गायब आहे आणि बून स्वतः सही करताना ते लिहीत असे. पैसे घेऊन हवी तशी वंशावळ तयार करून देणारा गुस्ताव आंजू हा गृहस्थ तर विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंतांत बराच लोकप्रिय होता, आणि त्याने घुसवलेले बनावट पूर्वज आजच्या वंशवृक्षांतून अजून निघालेले नाहीत. डीएनए चाचणीने नजीकच्या पिढ्यांची नाती उलगडतात, परंतु सात-आठ पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या पूर्वजाचा अंश वंशजात उतरलाच असेल, अशी खात्री देता येत नाही.

लेखात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, तिची दखल पुढील लेखात घेतली जावी. ही सारी जमीन शॉनी, चेरोकी आदी लोकांची शिकारभूमी होती आणि सनदांच्या कागदांत त्यांचा हक्क कोठेही दिसत नाही. तसेच त्या करयाद्यांत कृष्णवर्णीय गुलाम घोड्यांच्या शेजारच्या रकान्यात निव्वळ संख्या म्हणून येतात, आणि १८५० व १८६०च्या स्वतंत्र गुलाम-याद्यांतही मालकाचे नाव असते, गुलामांचे बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण. त्यांची नावे मिळतात ती मालकाचे मृत्युपत्र, मालमत्तेची यादी आणि विक्रीखत यांत. म्हणून गोऱ्या पूर्वजाचे असे कागद ज्यांच्या हाती येतील, त्यांनी त्यांतील गुलामांची नावेही उतरवून प्रसिद्ध करावीत. त्यांच्या वंशजांना ती अन्यत्र मिळण्याची शक्यता अत्यल्प आहे. केंटकीच्या सनदांच्या प्रतिमा तेथील राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, हेही वाचकांच्या सोयीसाठी कळवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूमिअभिलेख कर्मचारी, सातारा