मागचं गेट बंद करू नये, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

स. न. वि. वि.

आपल्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे मागचं गेट कायमचं बंद करून तिथल्या पायवाटेवर चारचाकींचं पार्किंग आखण्याचा प्रस्ताव आहे. सुरक्षेची काळजी आणि पार्किंगची टंचाई, दोन्ही खरी आहेत. तरीही माझा या प्रस्तावाला ठाम विरोध आहे, कारण याचा थेट संबंध आपल्या सगळ्यांच्या तब्येतीशी आहे आणि त्याचा विचार झालेला दिसत नाही.

मागच्या गेटने बसथांबा पाच मिनिटांवर आहे. मुख्य गेटने वळसा घातला तर पंधरा मिनिटं लागतात, तीही फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने. रोज एवढा वळसा कोण घालणार? जो तो गाडी काढेल आणि थोड्याच दिवसांत पार्किंग पुन्हा अपुरं पडेल. व्यायामासाठी वेगळा वेळ काढणं बहुतेकांना जमत नाही. जे काही चालणं होतं ते जाता-येताच. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. थांब्यापर्यंतची पाच मिनिटं जाऊन-येऊन सहा दिवस धरली, तर त्यातला एक तास सहज भरतो.

कामाच्या ओघात होणारी हालचाल किती मोलाची असते, हे लंडनच्या डबलडेकर बसमध्ये दिसलं होतं. डॉ. जेरी मॉरिस यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता.

पायवाटेवरचे बाकही हलवणार असं ऐकलं. वॉकर घेऊन फिरणाऱ्या आपल्या आजी एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत जातात, टेकतात, गुडघ्यावरून हात फिरवतात आणि मग पुढे निघतात. मधला एक बाक काढला की त्यांचं फिरणं तिथेच संपलं. त्या सभेत बोलणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

मुलांचंही तेच. पाच ते २९ वर्षं वयोगटात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण रस्त्यावरचे अपघात आहे. पायवाट गेली की मुलं सायकली घेऊन गाड्यांच्याच वाटेवर येतील. रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरला मागचं लहान मूल दिसतच नाही, मग वेग कितीही कमी असो. शिवाय शाळेच्या व्हॅन इंजिन चालू ठेवून मुख्य गेटपाशी उभ्या असतात आणि तो धूर नेमका मुलांच्या नाकातोंडाशी येतो. मागचं गेट बंद झालं की सगळी गर्दी तिथेच होईल.

आणखी एक. सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ साली शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी केलेल्या पाहणीत, जास्त रहदारीच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना शेजारात मित्र फार कमी असल्याचं आढळलं. आपल्याकडे वरच्या मजल्यावर कुणी आजारी आहे, हे बहुतेकदा त्या बाकांवरच कळतं.

माझी विनंती अशी: गेट सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवावं आणि तिथे एक वॉचमन व कॅमेरा असावा. वाढीव खर्चासाठी दुसऱ्या चारचाकीचं पार्किंग शुल्क वाढवावं. माझ्याकडेही दोन गाड्या आहेत, मी ते भरेन. आतल्या रस्त्यावर गतिरोधक बसवावेत आणि थांबलेल्या व्हॅनना इंजिन बंद करायला सांगावं. हा प्रस्ताव मतदानाला टाकण्याआधी कार्यकारिणीने एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास पायवाटेवर यावं. मी तिथे असेन.

आपली,
बी विंगमधील एक सभासद