लेंटची (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची) दानाची पाकिटं, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आणायची आहेत

सर्व मंडळीला सलाम. पाकिटं बहुतेक घरी पोचलीत, ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी सेक्रेटरींकडून मागून घ्या. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) वेगळा, तो यात धरू नका.

आणि एक मनापासून सांगतो, आठवडाभराची उरलेली चिल्लर यात टाकायची नाहीये. बायबलमधल्या मार्क 12 मधल्या विधवेकडे दोन टोल्या (अगदी छोटी नाणी) होत्या, एक ठेवून एक देता आली असती की तिला, पण तिने दोन्ही टाकल्या आणि प्रभूने नेमकं तेच बघितलं. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका 1910 पासून हेच करतायत, भाताला तांदूळ काढले की त्यातलीच एक मूठ देवासाठी बाजूला, तिकडे बुहफाई थाम म्हणतात त्याला, मग ते तांदूळ चर्चमध्ये गोळा करून विकतात आणि त्या पैशातून सुवार्तेचं काम चालतं. एवढं मोठं काम, मूठमूठ तांदळावर! आपणही एखाद्या रविवारचं मटण सोडू, बाहेरचं खाणं सोडू, ते पैसे पाकिटात.

पण कर्ज काढून किंवा पोरांची फी थांबवून कोणी देऊ नका प्लीज, 2 करिंथ 8:12 वाचा, जवळ आहे त्यातूनच द्यायचंय. ज्यांचं काम सुटलंय त्यांनी संकोच न करता पाळकसाहेबांना फोन करा, हा पैसा अशाच घरांसाठी आहे.

पाकिटावर नाव टाकू नका. मोजणी उपासनेनंतर लगेच, खजिनदार आणि मंडळीच्या दोन वडिलांसमोर, आकडा संध्याकाळी इथेच टाकतो.