ग्रहयुतीचे चित्र आणि प्रत्यक्ष तेज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रहांची युती, म्हणजे दोन ग्रह आकाशात एकमेकांच्या अगदी जवळ दिसणे, जवळ आली की वृत्तपत्रांत आणि शाळांच्या फलकांवर खगोल सॉफ्टवेअरमधून घेतलेले चित्र झळकते, आणि त्यात दोन ग्रह मिळून एकच प्रचंड तेजोगोल झालेला दिसतो. ते पाहून मुले मोठ्या अपेक्षेने गच्चीवर जातात आणि दोन शांत ठिपके पाहून हिरमुसतात. अशा चित्राखाली दोन ओळींचा खुलासा असावा, एवढ्यासाठी हे पत्र.

स्टेलॅरियमसारखी मोफत सॉफ्टवेअर ग्रहांची स्थाने अतिशय अचूक दाखवतात. तेज दाखवणे मात्र त्यांना अवघड जाते, कारण अडचण पडद्याची आहे. तेजाचे माप ‘प्रती’त देतात; प्रतीचा आकडा जितका लहान, तितके तेज जास्त, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. उणे 4 प्रतीचा शुक्र हा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून दहा हजार पट तेजस्वी असतो, तर पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सहसा 256 पायऱ्या असतात. म्हणून सॉफ्टवेअर तेजस्वी ग्रह मोठ्या चकतीने काढते आणि भोवती प्रभा जोडते. हा संकेत योग्यच आहे. त्याशिवाय शुक्र आणि व्याध सारखेच दिसले असते.

घोटाळा होतो तो युतीच्या वेळी. 21 डिसेंबर 2020 रोजी गुरू आणि शनी यांच्यात सुमारे सहा कलांचे अंतर होते (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). मोबाइलच्या 1080 पिक्सेल रुंदीत साठ अंशांचे आकाश दाखवले, तर एक पिक्सेल तीन कलांहून मोठा पडतो. म्हणजे ग्रहांमधले अंतर जेमतेम दोन पिक्सेल आणि ग्रहांच्या चकत्या त्याहून कितीतरी मोठ्या. साहजिकच त्या एकमेकींत मिसळतात. डोळ्याला साधारण एका कलेपर्यंतचा भेद कळतो, त्यामुळे त्या संध्याकाळी चांगली नजर असणाऱ्यांना दोन्ही ग्रह वेगळे दिसू शकत होते. दोघांचा प्रकाश एकत्र धरला तरी हिशेब फारसा बदलत नाही. गुरू उणे 2.0 प्रतीचा, शनी 0.6 प्रतीचा, म्हणजे गुरू अकरा पट तेजस्वी. प्रतींची थेट बेरीज होत नाही, प्रकाशाची होते. ती करून एकत्रित प्रत येते उणे 2.1. एकट्या गुरूपेक्षा ही वाढ जेमतेम नऊ टक्के, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न जाणवणारी. चित्रातल्या तेजोगोलाला एवढाच आधार होता.

क्षितिजाजवळच्या हवेचाही विचार हवा. अगदी स्वच्छ रात्रीही दहा अंश उंचीवरचा ग्रह डोक्यावर असतो त्यापेक्षा सुमारे एका प्रतीने मंद दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये वातावरण बंद ठेवून घेतलेल्या चित्रात ही घट उतरत नाही. शिवाय साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वरचे पठार आहे, तर स्टेलॅरियममध्ये बदल न करता दिसणारे क्षितिज फ्रान्समधल्या एका गावाचे आहे, त्यात हे पठार दिसत नाही. मावळतीच्या युतीसाठी हे फार महत्त्वाचे ठरते.

माझी विनंती अशी की, पुढच्या युतीचे चित्र छापताना दोन ग्रहांमधले अंतर अंश-कलांत, प्रत्येकाची प्रत आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने साताऱ्यातून दिसणारी त्यांची उंची द्यावी, तसेच चकतीचा आकार तेज दाखवण्यासाठी वाढवलेला आहे, असे स्पष्ट लिहावे. हे आकडे त्याच सॉफ्टवेअरमधून मिळवता येतात; प्रत आणि उंची तर ग्रहावर टिचकी मारताच दिसते.

आपला नम्र,
एक आकाशनिरीक्षक, सातारा