मसाई पठारावरच्या गाड्या पायथ्यालाच थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत मुलीकडे गेलो असताना युटा राज्यातले ‘नॅचरल ब्रिजेस’ हे राष्ट्रीय स्मारक पाहून आलो. वाळवंटातली खोल घळ, आणि तिच्यात पाण्याने कोरलेले वालुकाश्माचे तीन पूल: सिपापू, काचिना आणि ओवाचोमो. नागमोडी ओढ्याने वळणावरची भिंत पुरात घासत नेली, तिला आरपार भोक पाडले आणि वळसा सोडून तो तिथूनच वाहू लागला. वरचा दगड तेवढा राहिला. सिपापू 220 फूट उंच आहे. ओवाचोमो माथ्यावर जेमतेम 9 फूट जाड. 1992 मध्ये काचिनाचा सुमारे 4000 टन दगड कोसळला. या पुलांवर चढायला मनाई आहे, ते योग्यच.

पण मला लिहायचे आहे ते तिथल्या जमिनीबद्दल. वाटेच्या कडेला मातीवर काळपट, खरबरीत पापुद्रा दिसतो. तो जिवंत असतो. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून वाळू बांधून ठेवतात, त्यामुळे वाऱ्याने ती उडत नाही. बुटाखाली मोडलेला पापुद्रा भरून यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून गाडी फक्त डांबरी रस्त्यावर आणि पाय फक्त आखलेल्या वाटेवर. उघड्या वाळवंटाची एवढी निगा पाहून मला पन्हाळ्याशेजारचे आपले मसाई पठार आठवत राहिले.

तिथे जांभ्यावर बोटभर माती आहे. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, दवबिंदू ही रानफुले फुलतात ती तेवढ्याच मातीत. आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच चारचाकी थेट फुलांत घातल्या जातात. व्हिडिओसाठी चिखलात गोल गोल फिरवल्या जातात. चाकोऱ्यांतून माती वाहून गेली की उघडा जांभा उरतो. पुढच्या वर्षी बी रुजायचे कशात?

पावसाळ्यात खासगी गाड्या पठाराच्या आधीच थांबवाव्यात. पायवाट दगड लावून आखावी, आसपासच्या गावांतल्या तरुणांना वाटाडे म्हणून मानधनावर नेमावे. मसाईदेवीच्या दर्शनाला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गावातलीच एखादी जीप ठरलेल्या वाटेने चालू ठेवता येईल. बाकीच्यांनी चालावे. पन्हाळा-पावनखिंड मोहिमेतली पोरे भर पावसात हे पठार दरवर्षी पायीच पार करतात. संबंधितांनी येत्या पावसाळ्याआधी एवढे करावे, ही कळकळीची विनंती.

एक वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर